भूत गाळलेल्या कॅसेटी

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, खनिजाच्या ट्रकांखाली सापडलेली माणसे उचलली. त्यातले पुष्कळसे आता पुसट झाले आहे. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, याचाही कधी कधी गोंधळ होतो. पण एका सपशेल पडलेल्या सिनेमाच्या कॅसेटींचे प्रकरण माझ्याकडे आले होते, ते काही केल्या मनातून जात नाही. गुन्हा म्हणाल तर किरकोळ. वर्तमानपत्रात त्याची ओळसुद्धा आली नाही. नावे मी कोणाचीच देत नाही, त्या सिनेमाचेही नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

गोवा राज्य झाले त्या सुमाराची गोष्ट. मी डिचोली पोलीस स्टेशनला उपनिरीक्षक होतो. भाषेच्या प्रश्नावरून झालेल्या आंदोलनाच्या बंदोबस्ताने आमची माणसे दमून गेली होती आणि आता कुठे रोजची कामे सुरळीत होत होती. रोजची कामे म्हणजे अपघातांचे पंचनामे, पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानाबाहेर झालेल्या मारामाऱ्या, बागायतीतले नारळ गेल्याच्या तक्रारी. खाणीचे ट्रक सकाळपासून रस्त्यावरून धावत. त्यांची तांबडी धूळ फायलींवर, टोप्यांवर, पाण्याच्या माठावर बसे. सकाळी टेबल पुसावे आणि दुपारी त्याच टेबलावर बोटाने नाव लिहावे, अशी स्थिती.

एके दिवशी पणजीहून एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कातडी बॅग. मुंबईच्या एका कंपनीचे सिनेमे गोव्यातल्या थिएटरांना देणे आणि त्यांच्या व्हिडिओ कॅसेटी लायब्रऱ्यांना विकणे, हा त्यांचा धंदा. ते कंपनीचे एजंट होते.

"साहेब, तुमच्या तालुक्यात आमच्या पिक्चरची चोरी चाललीय," ते म्हणाले.

सिनेमा भुताचा होता. शहरातले जोडपे आडगावात येते, विहिरीतून पांढरी बाई निघते, माणसे एकेक करून मरतात, आणि शेवटी त्यामागे एका जुन्या खुनाची भानगड निघते. कंपनीने बराच पैसा घातला होता आणि तो बुडाला होता.

"पणजीत आठवडासुद्धा निघाला नाही," एजंट सांगू लागले. "म्हापशात लोक भूत बघून हसले. म्हटलं, निदान व्हिडिओवर थोडं वसूल होईल. तर सगळीकडे लायब्रीवाले म्हणतात, कॅसेट परत घ्या, कोणी नेत नाही. फक्त तुमच्या डिचोलीत हा पिक्चर घराघरात बघतात. आणि डिचोलीत आम्ही कॅसेट विकली एकच!"

"एकाच कॅसेटवर सगळे बघत असतील."

"एकाच वेळी निरनिराळ्या घरांत? साहेब, कोणी तरी कॉप्या काढतोय."

कॉपीराइटच्या कायद्यात तेव्हा थोड्याच काळापूर्वी सुधारणा झाली होती आणि बेकायदा प्रती वॉरंटशिवाय जप्त करण्याचा अधिकार आम्हा उपनिरीक्षकांना मिळाला होता. मी तक्रार लिहून घेतली, स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला बोलावले. हा हवालदार जवळच्या सर्वण गावचा. तालुक्यातला प्रत्येक आडरस्ता त्याच्या पायाखालचा.

सुरुवात आम्ही थिएटरपासून केली. मॅनेजर मला ओळखत होता. सिनेमाचे नाव काढताच त्याने कपाळावर हात मारला.

"त्या पिक्चरचं काय विचारता! पहिल्या दिवशी कॉलेजची पोरं आली, टिंगल करून गेली. मी दुसरा पिक्चर मागवणार होतो. तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला ट्रक भरून माणसं उतरली. म्हातारेकोतारे, बायका, कडेवर मुलं. कधी थेटरात पाऊल न टाकलेली माणसं. हिरोची गाडी गावात शिरते, त्या ठिकाणी काही नाही हो, नुसता रस्ता आणि घरं. आणि अख्खं थेटर उठून उभं राहिलं! आरडाओरडा. मला वाटलं, भाषेवरून जुंपली. तुम्हाला फोन लावायला धावलो. मग बघतो तर माणसं रडतायत."

"भुताला घाबरून?"

"छे! भूत आलं की बायका आपसात गप्पा मारायच्या. भूत कधी जातं याची वाट बघत बसायच्या. आणि शेवटच्या रिळाला तर सगळेच्या सगळे उठून बाहेर. तिकीट काढून आलेलं पब्लिक शेवट न बघता जातं, हे मी माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पणजीत मार खाल्लेला पिक्चर माझ्याकडे हाऊसफुल्ल गेला, पण क्लायमॅक्सला थेटरात मी आणि ऑपरेटर, दोघंच."

"कुठली माणसं ती?"

"खाणीकडची. जास्त विचारलं नाही. धंदा होत होता."

खरी बातमी आली ती पाववाल्याकडून. सायकलला टोपली बांधून वाड्यावाड्यांतून उंडे, म्हणजे गोल पाव, विकणारा हा पोदेर हवालदाराच्या ओळखीचा. पोलिसाला जे घर दार उघडत नाही, ते पोदेराला उघडते, हा माझा अनुभव. तो म्हणाला, सर्वणकडे रविवारी दुपारी एका घरात भुताचा सिनेमा लावतात. जाता येता खिडकीतून त्याने पाहिले होते.

"पुण साहेब," तो डोके खाजवत म्हणाला, "भूत म्हाका केन्नाच दिसलें ना. आनी बायलो रडटात."

भुताच्या सिनेमात भूत दिसत नाही आणि बायका रडतात. मला वाटले, हे काही तरी वेगळेच आहे. त्या काळी भलत्याच कॅसेटी भलत्याच नावांखाली फिरत असत. मी दोन पंच घेऊन बाजारातल्या व्हिडिओ लायब्ररीवर छापा घातला.

लायब्ररीवाला सिंधुदुर्गातून आलेला. पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. अपघातात एक पाय अधू झाला, तेव्हा त्याने बाजारात एक खोली भाड्याने घेऊन हा धंदा टाकला होता. मागच्या खोलीत दोन व्हीसीआर एकमेकांना वायरने जोडलेले सापडले. शेजारी कॅसेटींची चळत. प्रत्येकीवर पट्टी चिकटवलेली, पण तिच्यावर सिनेमाचे नाव नव्हते. एकीवर 'तळीकडचे', दुसरीवर 'पिंपळाजवळचे', तिसरीवर 'देवळामागचे' असे काहीबाही लिहिलेले. मला वाटले, गिऱ्हाइकांच्या खुणा असणार. पंचनामा केला, मूळ कॅसेटीसह सगळा मुद्देमाल सील केला आणि त्याला स्टेशनवर आणले.

"किती विकल्यास?"

"विकूक नाय, साहेब."

"मग काय दानधर्म करतोस?"

तो गप्प.

"कोणाकोणाला दिल्यास?"

"माणसांची नावां विचारू नकात. केस माझ्यार घाला."

चौकशीत मी एक गोष्ट शिकलो होतो. ज्याला स्वतःची कातडी वाचवायची असते तो फार बोलतो. देवाधर्माच्या शपथा घेतो, बायकोचे आजारपण काढतो. दुसऱ्याला वाचवणारा गप्प बसतो. हा माणूस गप्प बसला होता. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो अधू पाय चोळत खाली बघत राहिला.

कॅसेटींत तोच सिनेमा आहे हे पाहून तशी नोंद करणे भाग होते. म्हणून माझ्याच खोलीत टीव्ही लावला. पहिली कॅसेट घातली. तांबडा रस्ता, हिरोची गाडी, कौलारू घरे, अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोले. नायिका विहिरीकडे जाते, आत वाकून बघते, संगीत चढते, आणि एकदम पडदा काळा. पुढच्या क्षणी पुन्हा एक अंगण, तुळस, पायरीवर बसलेल्या दोन बायका.

"टेप खराब आहे," हवालदार म्हणाला.

दुसरी घातली. तिच्यातही भूत नव्हते, पण अंगण वेगळे होते. एकच निळी जनेल, म्हणजे खिडकी, कितीतरी वेळ स्थिर धरून ठेवलेली. तिसरीत एक पिंपळ आणि त्याच्या पारावर पत्ते खेळणारे पुरुष. चौथी सगळ्यांत चमत्कारिक होती. तिच्यात एक म्हातारा डाव्या खांद्यावर लाकडांचा भारा घेऊन अंगणातून जातो. जाता जाता क्षणभर कॅमेऱ्याकडे बघतो. बघू नको म्हणून त्याला सांगितलेले असणार, तरी बघतो, आणि मग चटकन मान वळवतो. एवढेच. संपले की पुन्हा तेच. पुन्हा तोच म्हातारा, तोच भारा. संबंध कॅसेटभर दुसरे काही नाही.

बेकायदा प्रती सगळ्या सारख्या असतात, म्हणून तर त्यात पैसा. ह्यांतली एकही दुसरीसारखी नव्हती. हा धंदा नव्हे, एवढे मला कळले. पण काय आहे ते कळेना. हवालदार मात्र टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला होता.

"साहेब, ही वाडी मी पाहिलीय," तो म्हणाला. "पाळी गावाच्या पुढची. पण आता नाही ती."

"नाही म्हणजे?"

"खाणीत गेली."

मग त्याने सांगितले आणि पुढे इतरांकडूनही कळले ते असे. खाणीचा खड्डा वाढत वाढत त्या वाडीच्या कुंपणाला येऊन टेकला होता. लोकांच्या सह्या झाल्या होत्या, बिऱ्हाडे हलवायची होती. नेमके त्याच वेळी सिनेमावाले आले. त्यांना असे गाव हवे होते, जिथे काहीही केले तरी कोणी अडवणार नाही. वाडीतल्या माणसांनाच त्यांनी गर्दीत उभे केले. सिनेमाच्या शेवटी भुताचे घर जळते, तर त्यासाठी एक खरेच घर जाळले. पाडायचेच होते, मग जाळले तर काय बिघडले, असा हिशोब. चित्रीकरण संपले, सिनेमावाले गेले आणि थोड्याच दिवसांत यंत्रे आली. माणसे सर्वण, डिचोली अशी विखुरली. काही सिंधुदुर्गात नातेवाइकांकडे गेली. त्या घरांचा एक फोटोही कोणाकडे नव्हता. जे काही उरले होते, ते त्या पडलेल्या सिनेमात.

दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या आवारात बदामाच्या झाडाखाली माणसे येऊन बसली. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. त्यांच्यातली एक म्हातारी काठी टेकीत सरळ माझ्या खोलीत आली. नऊवारी लुगडे, केसांत अबोलीचा लहानसा वळेसर.

"त्या पोराक सोडा, साहेबा," ती म्हणाली. "तेणी चोरी करूक नाय. माझां घर माका दाखवलां, ह्येका चोरी म्हणतत?"

मी तिला कदेल पुढे केली. ती खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसली.

"आजी, सिनेमा दुसऱ्याच्या मालकीचा आहे."

"सिनेमा तेंचो. भूत तेंचां. तां तेंका खुशाल देवा. घर कोणाचां?"

ह्याला कायद्यात उत्तर होते, ते न देता मी विचारले, "ह्यांतली तुमची कॅसेट कुठली?"

"भाऱ्याची. तो माझो घोव."

नवरा चित्रीकरण झाले त्याच वर्षीच्या थंडीत वारला होता. जाळलेले घर ह्यांचेच. मी म्हटले, नवऱ्याची फारच आठवण येत असेल. तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"माणूस बरो होतो. पण घराचां दुःख तेका झालांच नाय," ती म्हणाली. "सही करूक पयलो तो. घर जाळूक देवक पयलो तो. मी बघूचां नको म्हणान पेडण्याक लेकीकडे जावन बसलंय. परत इलंय तेव्हा विचारलंय, घर जळताना तू काय करी होतंस? तर म्हणता, 'काय करतलंय? बघी रवलंय.' त्या दिसापासून आगीचां नाव कोणाक माझ्यापुढे काढूक देवक नाय, तेच्याशी नीट बोलूक नाय, साहेबा. आणि तो गेलो."

"तो नुसता बघत राहिला म्हणता, मग त्याचाच तुकडा का करून घेतलात?"

"राग आसा," ती म्हणाली. "तरी बघूचो वाटता."

तिला पाणी दिले. ती गेल्यावर मी लायब्ररीवाल्याला पुन्हा समोर बसवले. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते, तेव्हा तोही मोकळा झाला. थिएटरातून सिनेमा उतरल्यावर वाडीची माणसे त्याच्याकडे कॅसेट आहे का विचारत आली. त्याने एक विकत घेतली. ती एकदा घरी नेली की कोणी परत आणीना. जो तो आपल्या अंगणापाशी कॅसेट थांबवून बघत बसे. तेवढ्या जागी टेप झिजू लागली.

"मगे एकान सांगलां, भूत काढून टाक, पोरां भियतत. दुसऱ्यान सांगलां, आग काढ, बघवणा नाय. मगे सगळेच म्हणाक लागले, आमचां तेवढां आमका दी. कोऱ्या कॅसेटी तेंनीच हाडून दिल्यानी."

"तू त्या वाडीचा नाहीस. तुला काय पडलं होतं?"

"त्या खाणीर मी ट्रक चालवलंय, साहेब," तो म्हणाला.

प्रती ओळखण्यासाठी मी एजंटला बोलावले. कॅसेट चालू होताच ते उसळले, "अहो, पिक्चरची पार वाट लावलीय! भूत कुठाय? क्लायमॅक्स कुठाय?" मी एकेक कॅसेट लावत गेलो. भारेवाल्या म्हाताऱ्याच्या कॅसेटीपाशी ते शांत झाले. बाहेर झाडाखाली बसलेल्या माणसांकडे त्यांनी एकदा पाहिले. ते काही फार हळव्या मनाचे नव्हते, आणि तसा आव त्यांनी आणलाही नाही.

"साहेब, हा पिक्चर मेलेला आहे," ते म्हणाले. "मेलेल्यासाठी कोर्टाच्या फेऱ्या घालून मला काय मिळणार? माझी काही तक्रार नाही, असं सांगतो मी."

पण नोंदवलेला गुन्हा असा तोंडी मिटत नाही. कागद कोर्टात गेले, तारखा पडल्या. मुद्देमालाच्या खोलीत कॅसेटी सीलबंद पडून राहिल्या. मध्ये एक अख्खा पावसाळा गेला. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ती म्हातारी न चुकता स्टेशनच्या दारात येई आणि हवालदाराला विचारी, "बरी आसा मगे?" जणू आत कोणाला कोठडीत ठेवले आहे. हवालदार म्हणे, "बरी आसा, आजी." ती निघून जाई.

एजंटने कोर्टात शब्द पाळला. प्रकरण निकाली निघाले, मुद्देमाल परत देण्याचा हुकूम झाला. आम्ही सील तोडले तेव्हा कॅसेटींच्या काचेतून पांढरी बुरशी दिसली. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि डिचोलीचा पावसाळा कोणाची गय करीत नाही. लायब्ररीवाला कापसाचे बोळे आणि स्पिरिट घेऊन कित्येक दिवस बसला होता. काहींतली थोडी थोडी चित्रे वाचली. निळी जनेल वाचली. मूळ कॅसेट गेली. म्हातारीची भाऱ्याची कॅसेट तर व्हीसीआरमध्ये घालताच तुटली.

मी एजंटला फोन केला आणि एक कॅसेट विकत मागितली.

"कुठून देऊ?" ते म्हणाले. "सगळ्या परत आल्या होत्या. कोरी कॅसेट महाग, म्हणून त्या पुसल्या आणि त्यांच्यावर दुसरा एक चाललेला पिक्चर भरला. एकही उरली नाही."

सिनेमा चालला असता तर त्याच्या प्रती राहिल्या असत्या. तो पडला, म्हणून ती वाडी दुसऱ्यांदा पुसली गेली. मग मी एक नाद लावून घेतला. कामानिमित्त जिथे जाईन तिथल्या व्हिडिओ लायब्ररीत डोकावायचे. म्हापसा, फोंडा, मडगाव. गणवेशातला फौजदार भुताच्या सिनेमाची चौकशी करतो म्हणताच लायब्ररीवाले घाबरत आणि नसलेल्या कॅसेटींबद्दलही खुलासे देऊ लागत.

चतुर्थीला घरी गेलो. मी पेडणे तालुक्यातला. आमचे घर जुने, साधे, चारचौघांसारखे. त्या वर्षी मात्र गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना मी त्या घराच्या वाशांकडे, दाराच्या झिजलेल्या उंबऱ्याकडे पुन्हा पुन्हा बघत होतो. बायकोने विचारलेही, काय हरवले आहे का म्हणून. संध्याकाळी सामान आणायला पेडण्याच्या बाजारात गेलो आणि सवयीने तिथल्या छोट्याशा लायब्ररीत शिरलो. सगळ्यांत वरच्या फळीवर, धुळीत, ती कॅसेट उभी होती.

"हा? हा कोण नेत नाही साहेब," दुकानदार म्हणाला. "परत नाही आणलात तरी चालेल."

पुढच्या रविवारी दुपारी मी साध्या कपड्यांत हवालदाराला घेऊन सर्वणला गेलो. म्हातारी जिथे राहत होती त्या खोलीत लायब्ररीवाल्याने टीव्ही मांडला होता. वाडीची बरीच माणसे दाटीवाटीने बसली होती, उरलेली दारात आणि खिडकीबाहेर. एका बाईने सगळ्यांना चहा आणि पाव दिला. मग सिनेमा सुरू झाला, अख्खा, भुतासकट.

गाडी रस्त्याला लागली तशी कुजबूज सुरू झाली. "तो बघ आमचो माड!" "गे, तुझी आवय बघ, केदी बारीक दिसता!" भूत येई तेव्हा सगळे पाव चहात बुडवून खात. भारा घेतलेला म्हातारा आला आणि गेला. शेजारच्या बाईने म्हातारीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आग लागायच्या आधी लायब्ररीवाल्याने बटणाकडे हात नेला.

"रव," म्हातारी म्हणाली. "आता दुसरी कॅसेट मेळाची नाय. आसा तितक्या सगळां बघूंया."

घर पेटले. पडद्यावर वाडीची माणसे धावत आली, कळशा, बालद्या घेऊन पाणी मारू लागली. तसे करायला त्यांना सांगितले होते. नायक नायिकेला घेऊन बाहेर पडला, दोघांनी एकमेकांना मिठी मारली, मग गाडीत बसून ते निघून गेले. मग मागे जळणारे घर तसेच ठेवून वरून नावे सरकू लागली, ज्या नावांसाठी कोणी थांबत नाही ती.

नावांच्या मागे, पडद्याच्या कोपऱ्यात, माणसांनी कळशा खाली ठेवल्या होत्या. त्यांचे काम संपले होते. कोणी तोंड पुसत होता, कोणी बिडी पेटवत होता. एकच माणूस अजून विहिरीवरून येत होता. बालदी डाव्या हातात; भाराही त्याने डाव्याच खांद्यावर घेतला होता, कारण उजवा खांदा त्याला साथ देत नव्हता. तो आगीच्या अगदी जवळ जाई, पाणी मारी आणि परत विहिरीकडे वळे. पँट घातलेला एक माणूस, सिनेमावाल्यांपैकी असावा, धावत त्याच्याजवळ गेला, त्याचा दंड धरला, काहीतरी सांगू लागला. त्याने दंड सोडवून घेतला आणि पुन्हा विहिरीकडे गेला. पुन्हा आला. छप्पर खाली बसले तरी तो पाणी मारतच होता. मग नावे संपली आणि पडदा काळा झाला.

"परत लाव," म्हातारी म्हणाली.

त्याने परत लावले. नंतर पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा ती उठून पडद्याजवळ गेली आणि ओणवी होऊन बघत राहिली.

"बघी रवलंय म्हणता," ती हळूच म्हणाली. मग घरातल्या माणसाला बायका जशा बोलतात तशा सुरात, "मेलो खोटारडो!" आणि ती हसली की रडली ते मी सांगू शकणार नाही. तिने टीव्हीच्या काचेवरची धूळ पदराने पुसली आणि तिथेच बसून राहिली.

कॅसेट मी तिच्याकडेच ठेवली. पेडण्याच्या दुकानदाराला पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. पुढे माझी बदली झाली. म्हातारी गेल्याचे मला हवालदाराने कळवले. त्याने लिहिले होते की अखेरच्या वर्षात ती नवऱ्याबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याशी पुष्कळ बोलायची. खाण बंद पडल्यावर मी एकदा त्या बाजूला गेलो होतो. खड्ड्यात हिरवेगार खोल पाणी साचले आहे. कुठे पिंपळ होता, कुठे विहीर, हे दाखवणारे तिथे कोणी भेटले नाही. मी काठावर थोडा वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो.

ह्या प्रकरणात मला बढती मिळाली नाही की शाबासकी. पण कामाची एक सवय लागली. माणूस जबाब देतो तेव्हा जे बघवत नाही, सांगवत नाही, ते गाळून देतो, आणि पुष्कळदा त्याच्या जिवाला सगळ्यांत जवळचे जे असते ते त्या गाळलेल्या भागातच राहून जाते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कोणाचाही जबाब 'पुढे काही नाही' ह्या शब्दांवर लिहून संपवला नाही. तसे कोणी म्हणाले की मी पेन खाली ठेवत असे, समोरच्याला पाण्याचा पेला देत असे, आणि काही न विचारता बसून राहत असे.